पांघरुणाखालच्या तीन पाठी

बयाबाईंच्या पाठीवरून घरात भांडण लागायची ही पहिलीच वेळ. नाहीतर त्या पाठीबद्दल घरात कधी दुमत नव्हतं. कमरेच्या वर चार बोटांवर त्यांचा मणका सरकलेला होता. तो अधूनमधून पुन्हा सरकायचा आणि धाकट्या दिरानं, भाऊसोंनी, हात दिला की जागेवर बसायचा. सासरे वस्ताद गणपतराव गेले, यजमान जोतीराम गेले, शिवाजी पेठेतलं भाड्याचं घर सुटून फुलेवाडीला बंगला झाला, खाली दवाखाना आणि वर राहणं असं सगळं पालटलं. पण बयाबाईंचा मणका होता तिथंच सरकलेला राहिला.

आणि आता त्यांची सख्खी नात श्रुती म्हणत होती, की तो कधी सरकलाच नव्हता.

शनिवारची दुपार होती. दवाखाना बंद ठेवला होता, कारण दुसऱ्या दिवशी ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात देशभरातले कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके बसवणारे डॉक्टर, जमणार होते आणि त्यांना कोल्हापुरात बोलावणारा होता भाऊसोंचा मुलगा राजवर्धन. आजोबांनी तालमीच्या कट्ट्यावर पैलवानांची हाडं बसवली, बापानं तेच काम एका खोलीत बाकडं टाकून केलं, आणि राजवर्धननं अमेरिकेला जाऊन पदवी आणली. पाटीवर त्यानं इंग्रजीत लांबलचक काहीतरी लिहून घेतलं, तरी गाव त्याला 'वस्तादाचा दवाखाना'च म्हणत राहिलं. त्याच्या मागून श्रुती इंग्लंडात तेच शिकून आली आणि गेलं वर्षभर काकाच्या शेजारच्या खोलीत बसत होती. उद्याच्या सभेत एक जाहीर वाद ठेवला होता : 'मणका सरकतो का?' 'सरकतो' म्हणणार राजवर्धन. 'सरकत नाही' म्हणणाऱ्याचं नाव पत्रिकेत कोरं होतं. आज सकाळी चहा पिता पिता श्रुतीनं सांगून टाकलं, की ती जागा तिनं घेतलीय.

तिथनं जे तोंडाला तोंड लागलं ते जेवणं लांबली तरी थांबेना. सगळी खाली दवाखान्यातच अडकून पडली होती.

"आगं पण तुला दुसरा कुठला विषय मिळाला न्हाई व्हय?" श्रुतीचे वडील पृथ्वीराज म्हणाले. बयाबाईंचा हा एकुलता एक मुलगा. मार्केट यार्डाजवळ ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान चालवायचा आणि भांडणाला फार भ्यायचा. "एका घरातली दोन माणसं स्टेजवर भांडाय लागली तर लोक काय म्हणतील?"

"तिकीट काढून बघतील," चिमणाबाई म्हणाल्या. या बयाबाईंच्या धाकट्या बहीण. आजऱ्याहून घनसाळ तांदूळ घेऊन चार दिवस राहायला आलेल्या. त्यांना कुणाचीच बाजू घ्यायची नसल्यानं त्या सगळ्यांत मजेत होत्या.

राजवर्धननं टेबलावरचा प्लास्टिकचा कणा उचलून श्रुतीपुढं धरला. "शंभर-सव्वाशे वर्षं आपला धंदा कशावर उभा आहे? मणका जागा सोडतो, शीर दाबली जाते, शरीर बिघडतं. आपण मणका जागेवर आणतो. हेच काढून टाकलंस तर आपल्यात आणि मालिशवाल्यात फरक काय राहिला, सांग की."

"फरक राहावा म्हणून नसलेलं आहे म्हणायचं?"

"नसलेलं?" इतका वेळ गप्प असलेले भाऊसो खुर्चीत पुढं सरकले. "पोरी, काय बोलालीयास तू?"

श्रुतीचा आवाज जरा खाली आला. "आबा, तुमच्या हाताला मी काही म्हणत नाही. वाकडी आलेली माणसं सरळ होऊन जातात, मी लहानपणापासून बघतेय. पण मणका सरकला असता तर एक्स-रेच्या फोटोत दिसला असता. अपघातात खरंच सरकतो तेव्हा दिसतोच, आणि तेव्हा आपण हात लावत नाही, मोठ्या दवाखान्यात धाडतो. बाकीच्यांचा जो सरकला म्हणतो, तो आजवर कुणाला दाखवता आलेला नाही. दोन डॉक्टर एकाच पाठीवर दोन वेगळ्या जागा सांगतात. आमच्या कॉलेजात हे इतिहास म्हणून शिकवतात."

"आणि आमच्यात पाया म्हणून," राजवर्धन म्हणाला.

"आता बघा," चिमणाबाई म्हणाल्या, "विद्या एकच, आणि एका कालेजात पाया, दुसऱ्यात इतिहास. मग पेशंटानं कुठं मरायचं?"

"मावशी, पेशंट मरत नाही. पेशंट पुरावा आहे." राजवर्धननं वळून बयाबाईंकडं हात केला. "माझा पुरावा तिथं बसलाय. उद्या मोठ्या आई माझ्याशेजारी स्टेजवर बसणार. एक सरकलेला मणका, तीन पिढ्यांचे हात, आणि बाई आज ताठ बसल्यात. ह्याला कोण काय उत्तर देणार?"

बयाबाई खरंच ताठ बसल्या होत्या. त्यांच्यासाठी दवाखान्यात पाठ टेकायची एक उंच खुर्ची कायमची राखलेली असे. उद्यासाठी त्यांनी हिरवं इरकल काढून ठेवलं होतं. स्टेजवर बसायचं म्हणून हरखायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं, पण आपल्या पाठीचं नाव चारचौघांत निघणार याचं त्यांना बरं वाटत होतं, हे काही खोटं नाही.

"आज्जी, तू बसू नकोस उद्या," श्रुती म्हणाली.

"का ग? मला कुठं भाषाण करायचंय? नुस्तं बसायचं हाय."

"म्हणूनच. तुझी पाठ धडधाकट आहे. जन्मभर तुला उगाच घाबरवलंय."

हा शब्द बयाबाईंना लागला. "मला? कुणाची टाप हाय मला घाबरवायची?"

त्या घाबरल्या कधी नव्हत्याच. सांभाळलं होतं त्यांनी, आणि सांभाळणं निराळं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पेठेतल्या नळावरचा तांब्याचा हंडा उचलताना त्यांच्या कमरेत चमक भरली आणि त्या तिथंच बसल्या. उठता येईना. घरात आणून पालथं निजवलं. सासरे तालमीतनं तसेच आले, पायाला तांबडी माती घेऊन. सासूबाई उशाशी बसल्या, लुगड्यावरनं वस्तादांनी बोटं फिरवली आणि एका जागी थांबवली. "मणका सरकलाय सूनबाईचा. बसवतो. पण नाजूक हाय ह्यो. जलमभर जपाय लागंल." मग कट्दिशी एक आवाज झाला आणि दुखणं कुणी ओढून काढल्यासारखं गेलं. त्या दिवशी सासऱ्यांचा हात म्हणजे देवाचा हात वाटला होता त्यांना. ज्यानं दुखणं काढलं त्यानं सांगितलेलं कारण खोटं असेल, हे कुणाच्या मनात येईल?

तेव्हापासून त्यांनी ओझं म्हणून उचललं नाही. पुढं भाऊसोंना मिसरूड फुटली तेव्हा वस्तादांनी त्यांची बोटं धरून वहिनीच्या पाठीवर टेकवली. "ही जागा. सरकलेला मणका असा लागतो. ध्यानात ठेव." भाऊसोंनी राजवर्धनची बोटं तशीच धरून टेकवली. घराण्याची सगळी विद्या बयाबाईंच्या पाठीवर मुळाक्षरांसारखी गिरवलेली होती.

"वैनीचा मणका मी झोपंत वळखीन," भाऊसो म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माझ्या बोटांस्नी डोळं हायत."

"ओळखाल की आबा. जागा पाठ आहे तुम्हाला."

"पाठ?" भाऊसो उठून उभेच राहिले. सत्तरीतही अंग पैलवानी होतं. "मग झाक तिचं तोंड! शंभर बायका निजव पालथ्या, आणि न सांगता हुडकून काढतो का न्हाई बघ!"

"शंभर कुठनं आणू तात्या?" पृथ्वीराज म्हणाले. "घरात तीन हायत." बोलून गेल्यावर त्यांच्याच डोळ्यांत काहीतरी चमकलं. भांडणाला भिणारा हा माणूस कुस्ती म्हटली की दुकान बंद करून पळायचा, रक्तच तसलं. "तीन बी पुरं हायत की! आई, मावशी, आणि धाकटी काकी. तिघी सारख्या वयाच्या. वर चादरी घालू. तुम्ही दोघं भाईर थांबा, मी क्रम लावतो. एकेकानं आत यायचं आणि सांगायचं, सरकलेला मणका कुणाचा. निकाली कुस्ती! बरोबरीत सोडवायची न्हाई."

"हा कसला पोरखेळ," राजवर्धन म्हणाला, पण बापाकडं बघून त्याला मागं सरता येईना.

"मी तयार हाय," चिमणाबाईंनी पदर खोचला सुद्धा.

भाऊसोंची बायको धोंडुबाई जिन्याच्या पायरीवर बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "माझी तरी पाठ वळखतील का बघू आमचं हे. तोंड वळखायला तर सवड न्हाई मिळाली."

सगळी हसली. मग सगळ्यांच्या नजरा बयाबाईंकडं गेल्या. पाठ त्यांची होती. त्यांनी नको म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण त्यांना स्वतःच्या मणक्याची खात्री होती, दिराच्या हाताची त्याहून जास्त. "लावा," त्या म्हणाल्या. "एकदा व्हऊनच जाऊ दे."

फरशीवर सतरंज्या पडल्या. बांगड्या, माळा निघाल्या. बयाबाई आपल्या सवयीनं आधी गुडघे, मग कूस, मग हात असं करत, श्रुतीचा खांदा धरून सावकाश पालथ्या झाल्या. भिंतीच्या कडेला त्या, मध्ये धोंडुबाई, दाराकडं चिमणाबाई. तिघींवर दवाखान्याच्या एकसारख्या निळ्या जाड चादरी, डोक्यापासून पायापर्यंत. दोघी बहिणींची चण तर आईनं एका साच्यातून काढल्यासारखी. धोंडुबाई तेवढी बोटभर रुंद. "कुणी हूं का चूं करायचं न्हाई," पृथ्वीराजनं बजावलं. "मावशी, विशेषतः तुम्ही."

चादरीखाली कापराच्या तेलाचा वास कोंडला होता. दार वाजलं, आणि भाऊसोंची जड पावलं आत आली. ते आधी दाराकडच्या पाठीशी बसले, म्हणजे चिमणाबाईंशी. बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांचा तो ओळखीचा हुंकार आला.

"हीच. ह्यात काय बघायचंय? चार बोटं वर. ह्यो बघ, हितं आडलंय. वैनी, चादर काढू नगा, पण तुम्हीच हाय."

चिमणाबाईंनी श्वास रोखल्याचं बयाबाईंना इतक्या लांबून कळलं. त्यांना वाटलं, भाऊजी चेष्टा करताहेत. आता पुढं येतील आणि म्हणतील, छे छे, ही न्हवं.

मधल्या चादरीखालून हळू घोरणं सुरू झालं होतं. सकाळपासून चुलीशी उभ्या असलेल्या धोंडुबाईला आडवं व्हायला मिळालं आणि डोळा लागला होता. "ही आमची," भाऊसो म्हणाले. "हिला हात लावायची गरज न्हाई." पृथ्वीराजला हसू आवरलं नाही.

मग ते भिंतीकडच्या पाठीशी आले. बयाबाईंच्या पाठीवर तो हात पडला. हजार वेळा पडलेला, रुंद, गरम हात. मानेपासून खाली माकडहाडापर्यंत गेला, न थांबता. पुन्हा वर आला. त्या जागेवरून, त्या चार बोटांवरून, तो असा गेला जसा सपाट रस्त्यावरून टांगा जातो.

"आणि ही चिमणाबाई," भाऊसो कौतुकानं म्हणाले. "काय कणा हाय बघ पृथ्वी! घोडीगत. काजूची पोती उचललेली पाठ. ह्या वयात असला सरळ कणा माझ्या हाताला लागला न्हवता कधी. कुटंसुदीक खोट न्हाई."

बयाबाई तशाच पडून राहिल्या. गालाखालची सतरंजी टोचत होती. मनात एकदम काही आलं नाही. आलं ते नंतर, एकेक करत, आणि कुठलं तरी मधूनच. जोतिबाला सगळं घर डोंगर चढून जायचं आणि त्या खाली चपलांपाशी बसून राहायच्या. मुलगा झाला तेव्हा तो रडला तरी पाळण्यातून उचलून त्यांच्या मांडीवर कुणीतरी दुसऱ्यानं द्यायचा. माहेरी भातलावणीच्या वेळी त्यांना बांधावर घोंगडं टाकून बसवायचे, पाहुणीसारखं. आणि फुगडीत त्यांना तोडीची जोडीदारीण मिळत नसे, ते कुणाला आठवतही नसेल आता. सरळ कणा. कुठं खोट नाही. हे त्याच हातानं सांगितलं होतं.

भाऊसो बाहेर गेले आणि राजवर्धन आला. त्यानं प्रत्येकीला पुष्कळ वेळ दिला, मोजून-मापून. पृथ्वीराजनं विचारलं, "सांग. सरकलाय कुणाचा?"

"तिघींचाही."

"आरं, असं कसं? एकच वळखायचा होता."

"दादा, जगात बिनसरकलेली पाठ नसते. कमी-जास्त असतो. हिचा वर, हिचा खाली, हिचा दोन ठिकाणी."

"बरं मग मोठ्या आई कुठली?"

राजवर्धन मधल्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ह्या. सगळ्यांत जुनं दुखणं ह्यांचंच."

मधली चादर उडाली. "आरं मुडद्या," धोंडुबाई उठून बसत म्हणाली, "मी तुझी आई हाय!"

चिमणाबाई चादरीत तोंड घालून हसाय लागल्या. पृथ्वीराज भिंतीला धरून हसले. दारातून भाऊसोही हसत आत आले आणि म्हणाले, "शिकवलेलं सगळं वाया घालवलंस की रं! वैनी तिथं हाय, दाराकडंला," आणि त्याच वेळी दाराकडच्या चादरीतून चिमणाबाईंचं पांढरं डोकं वर आलं.

हसणं थांबलं.

"तू क्रम बदललास," भाऊसो पृथ्वीराजला म्हणाले.

"न्हाई तात्या. देवाशपथ."

"मग चादरीवरनं हाताला लागत न्हाई."

"लुगड्यावरनं लागतंय, चादरीवरनं लागत न्हाई व्हय?" धोंडुबाई म्हणाली.

बयाबाईंनी चादर बाजूला केली. श्रुती हात द्यायला पुढं आली, तेवढ्यात राजवर्धन तिच्यावरच घसरला. "तू का हात नाही लावलास? तू ओळखून दाखव की!"

"मला नाही ओळखता येणार काका."

"मग सहा वर्षं काय शिकलीस?"

"हेच, की असं ओळखता येत नाही. दुखणं कमी करता येतं. आखडलेलं सोडवता येतं, माणसाला चालतं करता येतं. पण मी माणसाला तू मोडलेला आहेस असं सांगून घरी पाठवणार नाही. उद्या एवढंच बोलणार आहे."

"लई नाचू नगंस," बयाबाई नातीला म्हणाल्या. "तुझ्या आबाच्या हातानं ह्या फुलेवाडीतली निम्मी माणसं उभी केल्यात."

तेवढ्यात त्यांचं लक्ष बहिणीकडं गेलं. चिमणाबाई माळ घालत होत्या, पण एका हातानं. दुसरा हात मागं, कमरेवर गेला होता. चार बोटं वर.

"काय झालं ग?"

"काय न्हाई आक्का. मगाधरनं जरा कळ आल्यागत वाटालंय खरं." चिमणाबाई हसल्या, पण त्यात मघाचं पाणी नव्हतं. "भाऊसो म्हणतात तर आसंल बी. घरला गेल्यावर पोती उचलू का नगं मग?"

बयाबाईंनी त्या हाताकडं बघितलं. काल ही बाई तांदळाचं पोतं खांद्यावर मारून रिक्षातून उतरली होती. एवढ्यात तिच्या पाठीत ते शिरलं. असंच शिरलं होतं तेव्हा, नळावरच्या त्या दिवशी. दुखणं त्यांचं त्यांनाच झालं होतं, पण नाव बाहेरून आलं होतं, आणि दुखणं गेल्यावरही ते राहिलं.

"हात काढ!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की चिमणाबाईंच्या हातून माळच पडली. "काढ म्हणते न्हवं? तुझ्या पाठीला काय झालेलं न्हाई. माझ्या बी झालेलं न्हाई."

"हे मला आधी सांगाय पायजे होतं," जिन्याशी गेलेली धोंडुबाई म्हणाली. लसणाची पाटी तिनं पुन्हा मांडीवर घेतली होती, पण हात चालत नव्हते. "तुमच्या मणक्याचं पाणी कुणी वाहिलं? मी. लाकडं मी फोडली, पीठ मी मळलं, सासूबाई आंथरुणाला खिळल्या तवा उचलून न्हाणीत मी नेल्या. लगीन झाल्याधरनं एकच ऐकते, थोरलीचा मणका सरकलाय, धाकटीनं करायचं."

"मी काय सोंग केलं न्हाई धोंडा. दुखायचं मला."

"दुखायचं की! मी कुठं न्हाई म्हणते? पण मला बी दुखायचं. रात रात दुखायचं. मला कुणी मणका दिला न्हाई." ती नवऱ्याकडं वळली. "एकदा तरी माझ्या पाठीवर हात ठिवला व्हता? आज बी ठिवला न्हाई. घोरण्यावरनं वळखली मला."

भाऊसो आपल्या बोटांकडं बघत खुर्चीत बसले. बयाबाई जावेजवळ गेल्या, तिच्या खालच्या पायरीवर टेकल्या आणि पाटीतला लसूण सोलायला घेतला. खालच्या पायरीवर त्या कधी बसत नसत. चार-पाच कुड्या सोलून झाल्यावर धोंडुबाईनं पाटी दोघींच्या मध्ये सरकवली.

"मग उद्याचं काय?" राजवर्धननं विचारलं. "पत्रिकेत मोठ्या आईंचं नाव आहे. बाहेरगावची माणसं येताहेत."

"मी येणार की," बयाबाई म्हणाल्या. "पुढच्या रांगंत बसणार. दोन्ही बाजूला धोंडा आणि चिमणी. स्टेजवर न्हाई."

"मग मी बोलू काय?"

"तुला वाटतंय ते बोल. मणका सरकतो म्हण. पण माझ्या पाठीची गोष्ट सांगणार आसशील तर आजच्यापतोर सांगायची. वस्तादानं बसवला हितनं सुरू करायचं आणि ह्या तीन चादरीपाशी थांबायचं. मधलं खायचं न्हाई."

"मग माझं भाषणच उरत नाही."

"दुसरं लिही. रात मोठी हाय, अमेरिकेला शिकलायस."

राजवर्धन काही वेळ त्या प्लास्टिकच्या कण्याशी चाळा करत राहिला. जिद्द त्याच्याही रक्तातच होती. "बरं. सांगतो सगळं. मोठ्या आईंच्या जागी माझी आई निघाली हेही सांगतो, लोक हसूदेत. पण शेवटी मी म्हणणार की माझंच खरं आहे. एका दुपारच्या खेळानं सव्वाशे वर्षं पुसली जात नाहीत."

"म्हण की," श्रुती म्हणाली. "त्यासाठीच तर सभा आहे." आणि दिवसभरात पहिल्यांदा काका-पुतणी एकमेकांकडं बघून किंचित हसली. पृथ्वीराजनं सुटकेचा श्वास टाकला आणि जेवायला चला म्हणून सगळ्यांना वर पिटाळलं.

बयाबाई मागं राहिल्या. भाऊसो खुर्चीतनं हलले नव्हते. वरून ताटांचा आवाज येऊ लागला, चिमणाबाईंचा आवाज येऊ लागला, तरी हा माणूस मांडीवर हात उपडे ठेवून बसलेला.

फरशीवर इतका वेळ पडल्यानं बयाबाईंची पाठ खरंच भरून आली होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि दिराकडं पाठ करून बसल्या.

"भावजी, दुखालंय."

"वैनी, मला आता काय कळत न्हाई बघा."

"कुणी सांगितलं? मला बरं कुणाच्या हातानं वाटायचं, आं? ते काय खोटं हुतं? हात लावा. नाव तेवढं ठिवू नगा."

मागं खुर्ची करकरली. हात जवळ आल्याची ऊब त्यांना लुगड्यातून कळली. पण तो टेकला नाही. वस्तादांनी मुलांना एक शिकवण पहिल्याच दिवशी दिली होती : पेशंटाला विचारायचं नाही. जो विचारतो त्याचा हात कच्चा. भाऊसोंनी ती उभ्या आयुष्यात एकदाही मोडली नव्हती. ते खाकरले. पुन्हा खाकरले.

"कुठं दुखतंय, वैनी?"

बयाबाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि त्या थबकल्या. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, पदर सावरला, आणि स्वतःचा हात मागं नेला. बोटं नेहमीच्या जागी गेली. तिथं काही नव्हतं. थोडी खाली सरकली, मग बाजूला, अंधारात कडी चाचपावी तशी.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "बघू दे मला. हितं न्हाई... हितं बी न्हाई..." मग त्यांचं बोट एका जागी रुतलं. "हां. हितं."

भाऊसोंनी त्या बोटाशेजारी आपला अंगठा टेकवला.